किमान वेतन वाढवावे की मोडीत काढावे? आधी मस्टर उघडून पाहू

प्रश्न एका लघुउद्योजकाने विचारला आहे आणि तो थोडक्यात असा: कामगार संघटना किमान वेतन भरघोस वाढवा म्हणतात, उद्योजकांच्या बैठकांतून मात्र हा कायदाच रद्द करून मजुरी बाजारावर सोडावी असे ऐकू येते, महाराष्ट्रातल्या लहान कारखान्यांचा विचार करता यांपैकी कोणाचे म्हणणे धरावे? पगारपत्रके तपासणे, ठेकेदारांची बिले जुळवणे आणि वेतनदाव्यांत कधी मालकाच्या तर कधी कामगाराच्या बाजूने उभे राहणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी उत्तर त्याच अनुभवावरून देणार आहे. माझ्या मते कायदा रद्द करणे चुकीचे ठरेल आणि दर वाढायलाच हवेत. परंतु वाढ ठरलेल्या वेळी आणि बेताने झाली पाहिजे, आणि तिची किंमत ज्याच्यासाठी काम होते त्याच्या खिशातून आली पाहिजे. तसे झाले नाही तर राजपत्रात कितीही मोठा आकडा छापला तरी कामगाराच्या हाती फारसे काही पडत नाही.

आधी रद्द करण्याच्या मागणीविषयी. कायदा नसता तर काय झाले असते याची कल्पना करत बसण्याचे कारण नाही, कारण ऊसतोडणीच्या फडात तो जवळजवळ नसल्यासारखाच आहे. कागदावर शेती हा अनुसूचित रोजगार आहे, पण ऊसतोड कामगाराची मजुरी दिवसावर ठरत नाही, टनावर ठरते, आणि तो दर साखर संघ व कामगार संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये संपाच्या इशाऱ्यानंतर ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, चांगल्या फडात दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते असे धरले, तर दोघांचे मिळून सातशे बत्तीस रुपये होतात. तोडणी, मोळ्या बांधणे आणि वाहन भरणे यांत पहाटेपासून रात्रीपर्यंतचा वेळ जातो. तास मोजले तर माणशी मजुरी आठ तासांच्या कायदेशीर दराशी ताडून पाहण्याच्या लायकीचीही उरत नाही. शिवाय हंगामाआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत ती जोडी एका मुकादमाला आणि त्याच्यामार्फत एका कारखान्याला बांधलेली असते. पलीकडच्या तालुक्यात दर बरा आहे म्हणून मधेच कोयता उचलून निघून जाण्याची सोय तिला नाही.

ही सोय नसणे हाच वादाचा गाभा आहे. किमान वेतनाविरुद्धचा जुना आणि आपल्या जागी अगदी तर्कशुद्ध युक्तिवाद असा, की मजुराचे काम जेवढ्या किमतीचे असेल तेवढीच मजुरी मालक देतो, आणि कायद्याने त्यापेक्षा जास्त द्यायला लावले की तो माणूस कमी करतो. हा युक्तिवाद खरा ठरण्यासाठी मजुराला अनेक मालकांपैकी एक निवडता आला पाहिजे. श्रम विकत घेणारे मोजके असतील तर मालक मजुरी कामाच्या किमतीपेक्षा खाली ठेवू शकतो, आणि अशा ठिकाणी कायद्याने दर थोडा वर ढकलला तरी रोजगार घटेलच असे नाही, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच मांडले होते. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर गेले तेव्हा तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या बर्गरच्या दुकानांची तुलना केली, आणि नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी आक्षेप घेतले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला म्हणून कोणतीही वाढ निरुपद्रवी ठरत नाही, हे मात्र त्यांचा दाखला देणारे अनेकदा विसरतात. ती वाढ एकोणीस टक्क्यांच्या घरातली होती आणि ती देणारी दुकाने नोंदणीकृत, हिशेब ठेवणारी होती.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर तो १९८८ चा आहे, आणि संघटनांनीही तो नीट लक्षात घ्यावा असे मला वाटते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेची मजुरी शेतीच्या किमान वेतनाशी बांधलेली होती आणि तिचा खर्च बऱ्याच अंशी शहरांतल्या व्यवसायकरातून भागवला जात असे. १९८८ मध्ये शेतीचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर हमीच्या कामावरचा दरही वाढला. त्यानंतर योजनेवरची हजेरी झपाट्याने घसरली. मजुरांना काम नको होते म्हणून ती घसरली नाही. दर वाढला तरी तिजोरीतली रक्कम त्या प्रमाणात वाढली नाही, म्हणून नवी कामे उघडणे लांबत गेले आणि मागेल त्याला काम हे वचन प्रत्यक्षात मिळेल त्याला काम असे झाले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी या आकड्यांचा अभ्यास केला, तेव्हा मागणी असूनही काम मिळत नव्हते असाच निष्कर्ष निघाला. दर वाढवताना पैसा कोण देणार हे ठरवले नाही, तर वाढ ज्यांच्यासाठी केली त्यांतल्याच काहींना बाहेर बसावे लागते, मग देणारा सरकार असो की कारखानदार.

दर किती असावा याचे मोजमाप आपल्याकडे नाही, असे म्हणणारे उद्योजक मला नेहमी भेटतात, आणि ते खरे नाही. १९५७ च्या जुलैमध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ते एकमताने ठरवले, आणि त्या एकमतात मालकांचे प्रतिनिधीही होते. एका मिळवत्या माणसामागे तीन उपभोग घटक (एका प्रौढाच्या गरजेइतका एक घटक), प्रत्येकी २,७०० कॅलरींचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीतले किमान भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के त्यात घातले. मालकाची ऐपत नाही ही सबब किमान वेतनाच्या बाबतीत चालणार नाही, हेही न्यायालयाने पन्नासच्या दशकापासून वेळोवेळी सांगितले आहे. आणि १९८२ मध्ये एशियाड बांधकामाच्या खटल्यात तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर घेतलेले काम ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी ठरते, असा निर्णय दिला. म्हणून कायदा रद्द करा म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की संसदेने अधिनियम मागे घेतला तरी तो अनुच्छेद जागेवरच राहील.

या मोजमापाच्या तुलनेत केंद्राने सुचवलेला राष्ट्रीय तळदर मात्र फारच केविलवाणा आहे. २०१७ मध्ये तो दिवसाला १७६ रुपये होता आणि २०१९ मध्ये त्यात दोन रुपयांची भर पडली. त्याच वर्षी अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आहाराचे प्रमाण २,४०० कॅलरींवर आणून आणि उपभोग घटक ३.६ धरून, २०१८ च्या किमतींना दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये, असा आकडा दिला होता. १७८ रुपयांना सव्वीसने गुणले तर महिन्याचे ४,६२८ होतात. या पैशात पुणे किंवा ठाणे तर सोडाच, एखाद्या तालुक्याच्या गावीही चार माणसांचे घर चालत नाही.

महाराष्ट्राची पद्धत त्या मानाने बरी आहे आणि तिचे श्रेय तिला द्यायला हवे. साठाहून अधिक अनुसूचित रोजगार, त्यांत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग, भागांनुसार परिमंडळे, आणि या प्रत्येकासाठी एक मूळ दर. त्यावर ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला विशेष भत्ता दर १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. अमेरिकेचे संघीय किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थिजले आहे, कारण तिथल्या कायद्यात महागाईशी जोडणी नाही; आपल्याकडे ती आहे, आणि कारखानदारांनाही ती अंगवळणी पडली आहे. सहा महिन्यांनी काही रुपये वाढणार हे गृहीत धरून ते भाव काढतात. आमच्या धंद्यात जानेवारी आणि जुलैत फोन येतो तो "नवा भत्ता किती आला?" एवढाच विचारायला, आणि त्यावर कोणी आकांडतांडव केल्याचे मला आठवत नाही.

घोळ होतो तो मूळ दराच्या फेरनिश्चितीत. पाच वर्षांच्या आत ती करावी असे १९४८ चा किमान वेतन अधिनियम सांगत होता आणि २०१९ ची वेतन संहिताही तेच सांगते. दुकाने व व्यापारी आस्थापनांचे दर मात्र २०१० नंतर थेट जुलै २०१९ मध्ये सुधारले गेले आणि पहिल्या परिमंडळातल्या अकुशल कामगाराचा मूळ दर ५,००० रुपयांवरून १०,०२१ रुपये झाला. वेतन दुप्पट झाल्याची ओरड लगेच सुरू झाली. नऊ वर्षांत साचलेला विशेष भत्ता नव्या मूळ दरात मिसळला होता, त्यामुळे हातात पडणारी खरी वाढ त्याच्या कितीतरी खाली होती. पण सल्लागाराला विचारण्याआधीच अनेक दुकानदारांनी एखादा माणूस कमी करण्याचा विचार सुरू केला होता. ब्रिटनमध्ये १९९९ पासून राष्ट्रीय किमान वेतन आहे आणि अल्पवेतन आयोगाच्या शिफारशीने बहुतेक दरवर्षी थोडे थोडे वाढत आले आहे. मोठ्या रकमेपर्यंत पोहोचण्याचा हाच मार्ग आहे. नऊ वर्षे झोपून एका सकाळी जागे होण्याने उद्योजक बिथरतो, कामगाराची मधली वर्षे बुडतात, आणि लाभ होतो तो केवळ आमच्यासारख्या सल्लागारांचा.

आता मस्टर, म्हणजे हजेरीपट, उघडू, कारण दर वाढवा म्हणणारे आणि रद्द करा म्हणणारे, दोघेही तिथपर्यंत येतच नाहीत. समजा कायद्याचा दर दिवसाला ५०० रुपये आहे. सफाईच्या ठेक्यावरची बाई महिन्यात २६ दिवस कामाला आली. पगारपत्रकात तिचा दर ५०० रुपयेच लिहिलेला असतो, विशेष भत्त्याचा रकाना रुपयापर्यंत बरोबर असतो, भविष्य निर्वाह निधीची आणि राज्य विम्याची कपात त्या हिशेबाने चोख झालेली असते. फक्त हजेरीच्या रकान्यात १७ दिवस असतात. तिच्या खात्यावर साडेआठ हजारांच्या हिशेबाने रक्कम जमा होते आणि प्रत्यक्षात दिवसाची मजुरी पडते ३२७ रुपये. तपासणीला आलेला अधिकारी दराचा रकाना पाहतो आणि समाधानाने सही करतो. ही चोरी सापडते ती गेटवरच्या आवक-जावक वहीत, कँटीनच्या कुपनांत किंवा सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर रोज जाणाऱ्या हजेरीच्या फोटोत. अशा दाव्यात मी पगारपत्रकाकडे शेवटी वळतो आणि आधी गेटची वही मागवतो. दुसरी पद्धत आणखी सोपी: पगार पूर्ण जमा करायचा आणि सात तारखेनंतर त्यातले दोन-तीन हजार रोखीने परत घ्यायचे. एटीएम कार्डे ठेकेदाराच्या माणसाच्या कपाटात ठेवलेलीही मी पाहिली आहेत.

हे करणारा ठेकेदार दुष्टच असतो असे समजण्याची घाई करू नये. निविदेचा हिशेब पाहा. किमान वेतन कायद्याने ठरलेले. त्यावर भविष्य निर्वाह निधीचे प्रशासन शुल्कासह १३ टक्के, राज्य विम्याचे ३.२५ टक्के आणि बोनसचे ८.३३ टक्के, म्हणजे वेतनाच्या रुपयामागे जवळजवळ पंचवीस पैसे, हेही ठरलेले. निविदेत स्पर्धा करण्यासारखे उरते ते केवळ सेवाशुल्क, आणि सर्वांत कमी बोलीला काम या नियमामुळे ते शून्याला जाऊन टेकते. बिल दोन-तीन महिन्यांनी निघणार, तोवरचे पगार ठेकेदाराने खिशातून द्यायचे, त्या पैशाचे व्याजही त्याच्याच डोक्यावर. ज्या अधिकाऱ्याने ती बोली मंजूर केली, त्याला उरलेला पैसा कुठून येणार हे ठाऊक नसते असे मला कोणी पटवू नये. सरकारी कार्यालये, महापालिका आणि नावाजलेल्या कंपन्या या सर्वांच्या निविदा अशाच निघतात.

म्हणून नुसता दर दुप्पट केला तर काय होईल याचे माझे उत्तर अनेकांना आवडत नाही. जिथे हजेरी कामगाराच्या हातात नाही, तिथे दर वाढला की दाखवलेले दिवस कमी होतात. सतराचे आठ-नऊ होतील आणि रक्कम होती तिथेच राहील. इमानदारीने पूर्ण पगार देणाऱ्याचा खर्च तेवढा वाढेल आणि पुढच्या निविदेत तोच बाहेर पडेल. याउलट हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्यात मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे टक्केवारीने आकारलेली जादा रक्कम, मालकाने मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची अशी रचना ठेवली. त्या मंडळांचे आजचे दोष मला माहीत आहेत, बोगस नोंदींपासून ते दादागिरीपर्यंत. तरी पैसा देणारा आणि हजेरी लिहिणारा एकच माणूस नसावा, हे त्या कायद्याने ओळखले होते. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्या पिढीने दराइतकाच वसुलीचाही विचार केला होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत यातल्या काही गोष्टी सुधारल्या आहेत. किमान वेतन आता अनुसूचित रोजगारांपुरते न राहता सर्वांना लागू आहे. केंद्राचा तळदर बंधनकारक होणार आहे, आणि त्यापेक्षा जास्त असलेले राज्यांचे दर त्या कारणाने खाली आणता येणार नाहीत. दावा दाखल करण्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली, ही माझ्या मते संहितेतली सर्वांत मोलाची तरतूद आहे, कारण कामगार दावा करतो तो बहुधा काम सुटल्यावर, आणि तोवर जुन्या कायद्याची मुदत उलटून गेलेली असे. कमी वेतनाचा जुना दंड पाचशे रुपये होता, तो पन्नास हजारांपर्यंत नेला आहे. मात्र निरीक्षकाला आता सुविधाकारही केले आहे आणि खटल्याआधी चूक सुधारण्याची संधी देणे त्याला भाग आहे. हिशेबात चुकलेल्या लहान मालकाला ती संधी मिळावी हे योग्यच. परंतु हजेरी कापणाऱ्याला तिचा अर्थ पकडले गेलो तर फरक भरू एवढाच कळतो. ठेकेदाराने वेतन बुडवल्यास मूळ मालकाने ते द्यावे ही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातली तरतूद नव्या संहितांतही कायम आहे. सरकारने फक्त हीच तरतूद, आणि तीही आधी स्वतःच्या कार्यालयांपासून, मनापासून राबवली, तर कोणत्याही दरवाढीपेक्षा जास्त पैसा कामगारांच्या खात्यात जाईल असे माझे मत आहे.

विचारणाऱ्या लघुउद्योजकाची अडचण यापेक्षा वेगळी आहे आणि ती खोटी नाही. आठ-दहा माणसांच्या फॅब्रिकेशन किंवा मशीनिंगच्या युनिटला मोठी कंपनी जॉबवर्कचा, म्हणजे तिच्यासाठी करून दिलेल्या कामाचा, दर वर्षभरासाठी बांधून देते, कधी दोन-दोन वर्षे तोच ठेवते, आणि पैसे नव्वद दिवसांनी देते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे ते पंचेचाळीस दिवसांच्या आत मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास बँकदराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज मागता येते; पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने व्याज मागणारा विरळाच. अशा माणसाला किमान वेतन हे आपल्या नफ्यावरचे ओझे वाटते, कारण ते पुढे ढकलण्याची जागा त्याच्यापाशी नसते. त्याने कायदा रद्द करण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली, तर मोठी कंपनी पुढच्याच करारात दर तेवढा कापून घेईल. शेजारच्या युनिटनेही मजुरी उतरवलेली असल्यामुळे तिला ते सहज जमेल. वाचलेला पैसा त्याच्याकडे फार तर एक-दोन तिमाही राहील. सर्वांना बांधलेला एक तळ आहे म्हणूनच त्याला आज खरेदी विभागासमोर बसून याखाली उतरता येत नाही असे म्हणता येते.

त्याने करण्यासारखी गोष्ट जॉबवर्कच्या करारात आहे. कच्च्या मालाच्या भावाप्रमाणे दर बदलण्याचे कलम बहुतेक वाहनउद्योगांच्या पुरवठा करारांत असते आणि पोलादाचा भाव वाढला की त्याप्रमाणे फरक मिळतोही. तसेच मजुरीचे कलम मागावे: दरातला मजुरीचा वाटा वेगळा दाखवायचा, समजा तो शंभरातले तीस रुपये असेल, आणि १ जानेवारी व १ जुलैला राज्याचा विशेष भत्ता जाहीर झाला की त्या तिसांवर तेवढ्या टक्क्यांचा फरक आपोआप लागू व्हायचा. एकट्या युनिटला हे मान्य होणार नाही. औद्योगिक वसाहतीच्या संघटनेने एकत्र मसुदा करून सगळ्यांसाठी मागितले तर खरेदी विभागाला नकार द्यायला कारण शोधावे लागेल, कारण आकडा सरकारी राजपत्रातला असतो आणि त्यावर घासाघीस होऊ शकत नाही.